क्रूर राजवट आणि युद्धाचे समर्थन

इराकमधील सद्दाम हुसेन यांची राजवट अमानुष होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या कुर्द शहरावर तिने विषारी वायूचा मारा केला आणि सुमारे पाच हजार नागरिक मृत्युमुखी पडले. तथापि २००२-०३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी इराकवर आक्रमण करावे की नाही, असा जो वाद जगभर झाला, त्यात राजवट क्रूर आहे काय आणि इतर देशांना तिच्यापासून तातडीचा धोका आहे काय, या दोन भिन्न प्रश्नांची सतत सरमिसळ झाली: धोक्याचा पुरावा तोकडा पडू लागला की क्रौर्याचे दाखले दिले जात, आणि क्रौर्य हे आक्रमणाचे कायदेशीर कारण नव्हे असे कोणी म्हटले की पुन्हा धोक्याकडे बोट दाखवले जाई.

संयुक्त राष्ट्रांची सनद सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणासाठी, अथवा सुरक्षा परिषदेच्या अनुमतीनेच बळाचा वापर मान्य करते. ‘प्रतिबंधक युद्ध’, म्हणजे पुढे कधीतरी उद्भवू शकेल अशा धोक्यावर आजच केलेला हल्ला, या चौकटीत बसत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण संशय पुरेसा मानला, तर प्रत्येक बलाढ्य राष्ट्राला दुबळ्या राष्ट्रावर चालून जाण्याचा परवानाच मिळेल. नोव्हेंबर २००२ मध्ये एकमताने संमत झालेल्या ठराव १४४१ ने इराकला निःशस्त्रीकरणाची अखेरची संधी दिली आणि गंभीर परिणामांचा इशाराही दिला, परंतु आक्रमणाची स्पष्ट अनुमती दिली नाही. शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांना आणखी काही महिने हवे होते. ते मिळाले नाहीत.

मग इराकी जनतेची सुटका कोणी करायची, हा युद्धसमर्थकांचा सवाल मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. त्याला सर्वांत कठोर उत्तर हलबजाच देते: तो संहार घडला तेव्हा इराणच्या धास्तीने अमेरिका इराककडेच झुकलेली होती, आणि तोच संहार पंधरा वर्षांनी आक्रमणाचे समर्थन म्हणून सांगितला गेला. पीडितांचे रक्षण हाच हेतू असेल, तर राजवट कोसळल्यावर त्यांना कोण सांभाळणार, याचा विचार युद्धाच्या निर्णयाआधीच व्हावा लागतो. प्रत्यक्षात मे २००३ मध्ये इराकी सैन्य एका आदेशासरशी बरखास्त झाले, शस्त्रे चालवणारे लाखो हात रिकामे झाले आणि त्यातील काही बंडखोरीकडे वळले.

ज्या सर्वसंहारक शस्त्रांच्या साठ्यांसाठी हे सारे झाले, ते सापडलेच नाहीत. ब्रिटनच्या चिल्कॉट चौकशी समितीने जुलै २०१६ मध्ये निष्कर्ष काढला की, शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटन या युद्धात उतरला होता.