गड पडल्यानंतर

अलंग-मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांपाशी दोर लावताना गिर्यारोहक इंग्रजांना हमखास शिव्या घालतात. 1818 साली मुलूख हाती आल्यावर कंपनी सरकारने नाशिककडच्या बऱ्याच गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. पुन्हा कुणी वर जाऊन लढू नये, एवढाच हिशेब. एप्रिलात त्र्यंबक पडला, जूनमध्ये मालेगावचा भुईकोट. तिथली अरब शिबंदी चिवटपणे झुंजली. पेशवाई बुडाली, असे पुस्तकात एका ओळीत उरकते. मला त्यापुढच्या ओळीचे कुतूहल.

कारण इथल्या रयतेचे हाल त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. 1802 मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशात धुमाकूळ घालून गेल्या, पाठोपाठ दुष्काळ आला, मग पेंढारी. गावे ओस पडली, शेतांत रान माजले. पोट भरायला तलवारच उरली, तेव्हा तोच धंदा झाला. पगार थकलेला शिपाई गड पडला म्हणून दुसऱ्या दिवशी नांगर धरत नाही. 2003 साली अमेरिकेने इराकचे सैन्य एका हुकुमाने मोडले. ती बेकार माणसे पुढे कुठे गेली, हे साऱ्या जगाने पाहिले. कंपनीने या मुलखावर नेमलेला कमिशनर एल्फिन्स्टन त्या मानाने सावध, त्याने वतने-इनामे बरीचशी चालू ठेवली. तरी भिल्लांशी झटापटी चालूच राहिल्या. 1825 मध्ये कंपनीचा अधिकारी औट्रम याने त्यांचीच पलटण उभारली, तेव्हा कुठे खानदेश जरा निवला. निवला म्हणायचे ते कुणासाठी, हाही प्रश्नच. नगरच्या पोलिसांत नोकरी केलेले भिल्ल पुढारी भागोजी नाईक 1857 च्या धामधुमीत इंग्रजांवर उलटले आणि 1859 साली सिन्नर तालुक्यात लढताना पडले. पेशवाई बुडून तोवर चाळीस वर्षे उलटली होती.

म्हणून शांतता मोजायला मी गडांकडे पाहत नाही, मोसम-पांझरा नद्यांकाठच्या फडांकडे पाहतो. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचे, पाटाच्या शेपटाकडच्या शेतालाही. तंटा झाला तर पंच बसणार, पाट गाळाने भरला तर सगळ्यांनी मिळून उपसायचा. यात उसाचाही फड असे. ऊस लावणारा माणूस वर्षभर तरी जागा सोडत नाही. पुढच्या हंगामात इथून घोडदळ जाणार नाही आणि वरचा शेतकरी आपले पाणी तोडणार नाही, या दोन्ही गोष्टींवर त्याचा भरवसा लागतो. यातली पहिली सरकार देऊ शकते. दुसरी कुठल्याच तहात लिहिलेली नसते, आणि ती जमायला पिढ्या जातात.

जानेवारी 2025 मध्ये सुदानच्या लष्कराने वद मदनी परत जिंकले, तेव्हा शहरातला जल्लोष सगळीकडे दाखवला गेला. ते शहर गेझिराच्या अफाट कालव्यांच्या मुलखात आहे. मी त्या बातम्यांत कालव्यांचे काय झाले ते शोधत बसलो होतो.