वास्तव कोणाचे?

काही शब्द फार हातांतून फिरले की नाण्यासारखे गुळगुळीत होतात आणि त्यांवरील छाप दिसेनाशी होते. 'वास्तववाद' हा असाच एक शब्द. समीक्षक कादंबरीची प्रशंसा करताना तो वापरतो. चित्रपट पाहून आलेला तरुण तोच शब्द उच्चारतो. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्या नावाचा एक पक्ष मांडतात. आणि पुढारी, 'आपण वास्तववादी असले पाहिजे,' असे म्हणून हात झटकतो. शब्द एक, परंतु अर्थ चार, आणि कधी कधी एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

जामनेरला वास्तव्यास आल्यापासून हा शब्द आमच्या कानांवर वरचेवर पडतो. हा कापसाचा तालुका. आणि कापूस पिकविणाऱ्याला वास्तवाचे धडे देण्यास सारेच उत्सुक असतात. म्हणून या चार अर्थांची थोडी उकल करावी असे मनात आले. त्यासाठी फार दूर जावयास नको. खानदेशच्या मातीतच त्यांतील बहुतेकांच्या खुणा आहेत.

प्रथम तत्त्वज्ञान. १९१६ साली गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या औदार्याने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. डोळ्यांना दिसणारे हे जग खरोखर आहे की तो केवळ भास आहे, या प्रश्नाचा तेथे वर्षानुवर्षे खल झाला. प्रा. मलकानी यांच्यासारख्या पंडितांनी तेथून अद्वैताची बाजू समर्थपणे मांडली. वास्तववाद्यांचा पक्ष याच्या उलट. आपण पाहो वा न पाहो, वस्तू आपल्या जागी असतेच, असे ते म्हणतात. मध्ययुगीन युरोपात मात्र हाच शब्द निराळ्या वादात सापडला होता. 'मनुष्यत्व' ही सामान्य कल्पना खरी, की ही एकेक माणसेच काय ती खरी? कल्पनेला सत्य मानणारे तेव्हा वास्तववादी म्हणविले जात! संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) यांनी या वादात मधला मार्ग काढला. मनुष्यत्व खरे आहे. परंतु ते कुठे अधांतरी नसून या रामात, या मेरीत, हाडामांसाच्या माणसातच नांदते. आपली बुद्धी वस्तूशी जुळते तेव्हा सत्य हाती येते. वस्तूने आमच्या मताप्रमाणे वाकावे असे नव्हे. आम्हीच तिच्यापुढे नम्र व्हावे. तत्त्वज्ञानातील वास्तववादाचा हा गाभा आम्हांस नम्रतेचा पाठ वाटतो.

साहित्यातील वास्तववादही याच नम्रतेतून जन्मतो. मराठीतील पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली. तिचा विषय होता हिंदू विधवांचे दुःख. ही दुःखे त्यापूर्वी नव्हती काय? घरोघरी होती, परंतु ती लिहिण्याजोगी आहेत असे कोणास वाटले नव्हते. पुढे हरि नारायण आपट्यांनी तोच धागा अधिक कसदारपणे उचलला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या संसाराची फजितीही मोकळेपणे सांगितलेली आहे. आणि आपल्या जळगावजवळच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१)! त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर जे अनुभवले ते लेवा गणबोलीत ओव्यांच्या लयीत त्यांच्या मुखातून उमटले. मुलाने व आप्तांनी ते टिपून ठेवले म्हणून १९५२ साली जगापुढे आले. भालचंद्र नेमाडे याच जिल्ह्यातील सांगवीचे. त्यांच्या 'कोसला'ने (१९६३) खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेल्या पोराचे मन त्याच्याच भाषेत उघडे केले. साहित्यातील वास्तववाद म्हणजे जगाची हुबेहूब नक्कल नव्हे. ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही त्याच्याकडे पाहण्याचे ते धैर्य आहे.

चित्रपटाने हे धैर्य उशिरा, पण जोमाने दाखविले. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढून कर्जाखाली दबलेला शेतकरी पडद्यावर आणला. युद्धानंतर इटलीत डी सिका यांनी 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) निर्माण केला. सायकल चोरीला गेली म्हणून पोटाची भाकरी गमावू पाहणारा बाप त्यांनी एका खऱ्या कारखाना-कामगाराकडून उभा करविला. १९५२ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखविला गेला आणि आपल्याकडील दिग्दर्शकांची दृष्टी बदलली. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीतही 'बायसिकल थीव्ह्ज'ला मूल्यांच्या गटात स्थान मिळाले.  एक गरीब बाप आणि त्याचा हात धरून चालणारा मुलगा, एवढेच. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील (२०१३) जब्याही त्याच कुळातला.

आता उरला राजकारणातील वास्तववाद, आणि येथे मात्र शब्द कूस बदलतो. बळ असेल त्याचेच चालते; नीती, न्याय हे बोलायचे विषय; जे आहे ते तसेच राहणार, हे ओळखून वागावे, असे हा वास्तववाद शिकवितो. त्यात शहाणपणाचा अंश मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. राज्य चालविणाऱ्याला शक्तीचा हिशेब करावाच लागतो. परंतु पहिले तिन्ही अर्थ 'नीट पाहा' असे सांगतात, तर हा चौथा पुष्कळदा 'आता पाहू नका' असे सुचवितो.

या चौथ्या अर्थाला खानदेशनेच उत्तर दिले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, प्रथमच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. शेतसारा कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे या मागण्या तेथे मांडल्या गेल्या. त्या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडलेले साने गुरुजी हे पूर्वी अमळनेरच्या त्याच तत्त्वज्ञान मंदिरात राहिलेले, पुढे तेथील शाळेत शिक्षक झालेले. शतकानुशतके दलितांना पंढरीच्या विठ्ठलाचे दार बंद होते. ते तसेच राहणार, हे त्या काळचे 'वास्तव' होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण मांडले आणि ते दार उघडले. मग अधिक वास्तववादी कोण? बंद दार पाहणारा, की दाराबाहेर उभा माणूसही पाहणारा?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्या शेजारच्या एका घरी काही वर्षांपूर्वी त्याची प्रचीती आली. बोंडअळीने कापूस गेला होता आणि मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. घरातील वडीलधारे म्हणाले, "वास्तव ओळखा. यंदा तिचं लग्न उरकून टाकू." तिची आई दाराआडून हळूच म्हणाली, "भाऊजी, कर्ज खरं आहे, तसे पोरीचे मार्कही खरेच आहेत ना?" बैठकीत कोणी काही बोलले नाही. लग्नाचा विषय त्या दिवशी मागे पडला. मुलगी शिकली आणि आज नोकरीला आहे. कर्ज मात्र पुढे कित्येक वर्षे फेडावे लागले, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आमचेच लिखाण अवास्तव ठरेल.

त्या माउलीने अक्विनास वाचला नव्हता. परंतु वास्तवाचा अर्धाच भाग दाखवून कोणी 'हेच सारे' म्हणू लागला, तर उरलेला अर्धा त्याच्यापुढे ठेवावा, हे तिला उमगले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या आपल्या पत्रात कल्पनांपेक्षा वास्तव मोठे मानले आणि त्याची मुळे शब्दाच्या देहधारणेत दाखविली. देव गव्हाणीत आला तो जग जसे आहे तसे स्वीकारून, परंतु ते तसेच सोडून देण्यासाठी नव्हे.

म्हणून वाचकहो, यापुढे कोणी आपणांस किंवा आपल्या मुलाबाळांना 'वास्तववादी व्हा' असे सांगितले, तर रागावू नये. त्यांना शांतपणे एवढेच विचारावे : आपण दाखविता ते वास्तव पुरते आहे काय, आणि ते कोणाच्या जागेवर उभे राहून पाहिलेले आहे?