एक मेणबत्ती जास्त

माणूस मेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न बहुतेकांच्या दृष्टीने जेवणानंतर सुपारी कातरता कातरता बोलण्याचा आहे. ज्याचे कोणी गेले आहे, त्यालाच तो खराखुरा पडतो. आणि मग ग्रंथातल्या उत्तराने त्याचे भागतेच असे नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची धार थोडी बोथट झाली आहे. हा जन्म वाया गेला तर पुढचा आहे, अशी आपली समजूत. नरकसुद्धा आपला मुदतीचा. भोग सरला की सुटका. कॅथलिक माणसाला ही सवलत नाही. त्याला जन्म एकच. मरणाबरोबर निवाडा होतो आणि तो फिरत नाही. स्वर्ग, नाहीतर कायमचा नरक. मध्ये पर्गेटरी आहे खरी, पण ती तिसरी गती नव्हे. ती स्वर्गाची ओसरी आहे. तिथवर पोचलेला जीव आज ना उद्या आत जायचाच, फक्त पाय धुऊन. त्याच्या पायांवर पाणी घालायला इथले जिवंत लोक प्रार्थना करून, मिस्सा अर्पण करून हातभार लावू शकतात, अशी श्रद्धा. म्हणून २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात ओदिलो नावाच्या मठाधिपतीने हजार वर्षांमागे हा दिवस पाळायला सुरुवात केली. आपली दिवाळी त्याच्याच आगेमागे येते.

गिरगावात आमच्या वाडीत काही ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे होती. धर्माने कॅथलिक, भाषेने आपल्यासारखीच मराठी. शेजारच्या आंटींकडे आमच्या घरून फराळाचे ताट जायचे आणि नाताळात तेच ताट कलकल भरून परत यायचे. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आंटी मेणबत्त्या मोजून ठेवत. आई, वडील, सासू, सासरे आणि नवरा, अशा पाच. पण पिशवीत नेहमी सहा जात.

सहावी कोणाची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९५६ साली त्यांना पहिला मुलगा झाला आणि तासाभरात गेला. बाप्तिस्मा व्हायचा राहिला. त्या वेळच्या कॅथलिक घरात या तीन शब्दांचा अर्थ फार भयंकर होता. बाप्तिस्म्यावाचून मूळ पाप धुतले जात नाही, आणि ते धुतल्यावाचून स्वर्ग नाही. मग तान्ह्या मुलांचे काय? संत ऑगस्टिनने त्यांना सौम्य का होईना, पण शिक्षाच सांगितली होती. मध्ययुगातल्या पंडितांना ते सोसवेना. त्यांनी अशा मुलांना ‘लिंबो’ या जागी ठेवले. तिथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे अशा मुलाला धर्मविधीने मूठमातीही मिळत नसे. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने आंटींना सांगून टाकले, “त्याच्यासाठी मेणबत्ती लावून काही उपयोग नाही.” आंटींनी ऐकून घेतले आणि लावली.

खरे तर अडीअडचणीला बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. देणारा ख्रिस्तीच हवा असेही नाही. डोक्यावर पाणी, ठरलेले शब्द आणि चर्च जे करते तेच करण्याचा हेतू, एवढे पुरे. त्या रात्री आंटींच्या उशाशी एक हिंदू परिचारिका होती. ओंजळभर पाण्याचे काम. पण त्या धांदलीत कोणाच्या ध्यानीमनी आले नाही.

एप्रिल २००७ मध्ये मी वर्तमानपत्रात वाचले, की व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला आहे. लिंबो हा चर्चचा सिद्धांत कधीच नव्हता, ते पंडितांचे मत होते. बाप्तिस्म्यावाचून गेलेली बालके तरतील अशी आशा धरायला सबळ कारणे आहेत. मात्र ही आशा आहे, खात्री नव्हे. अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवावे, असे १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही होतेच. मी तो कागद घेऊन आंटींकडे गेले. त्या तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. सगळे शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, “खात्री नाही म्हणतात ना?”

“नाही, आंटी.”

“बरोबर आहे पोरी. खात्री असती तर मेणबत्ती कशाला लावली असती मी?”

पंडितांना जे सांगायला पुष्कळ पाने लागली, ते आंटींनी एका वाक्यात सांगितले. आपण तरणारच हा गर्व आणि आता तरणोपाय नाही ही निराशा, ही दोन्ही त्या धर्मात पापेच मानली आहेत. चर्चने आजवर हजारो संतांची नावे घेऊन ते स्वर्गात आहेत असे जाहीर केले. पण अमुक माणूस नरकात आहे असे नाव घेऊन कधी सांगितले नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलसुद्धा नाही. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाबद्दलही आशा सोडू नये, असे १९९२ चा तो ग्रंथ सांगतो. आणि ज्यांना आपल्या काही दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनोभावे देवाला शोधतात, तेही तरू शकतात, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले. नरक आहे, हे चर्चने मागे घेतलेले नाही. त्यात कोण आहे, हे सांगण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे घेतलेला नाही.

आंटी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मेणबत्त्या मोजण्याचे काम त्यांच्या मुलीकडे आले आहे. ती शाळेत गणित शिकवते, हिशेबाला पक्की. ती सात घेते.