जयपूरची बोरे

जयपूर म्हटले की हवामहालाचे झरोके आणि गुलाबी भिंती आठवाव्यात, हे साहजिकच आहे. परंतु महाशिवरात्रीच्या सुमारास या नगरीत जाण्याचा योग आला, तर चौडा रस्त्यावरील ताडकेश्वर मंदिरापाशी क्षणभर थांबा. बेलपत्रांबरोबर गाजरे, मोगरी, म्हणजे आपल्याकडच्या डिंगऱ्या, आणि टपोरी बोरे शंकराला वाहण्यासाठी तेथे मांडलेली दिसतील. संक्रांतीला सुगडात बोरे भरणाऱ्या आणि लहानग्यांना बोरन्हाण घालणाऱ्या मराठी घरांना हे फळ परके वाटणार नाही.

बोरीच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रज्ञ झिझिफस म्हणतात. सह्याद्रीतील पांढऱ्या फळांची तोरणही याच प्रजातीतली. जयपूरच्या परिसरात तिची दोन रूपे विशेष दिसतात. एक बागेतली थोराड बोर आणि दुसरी माळावरची, जेमतेम कमरेएवढी वाढणारी काटेरी झडबेरी.

येथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी बोर काय करते? पाने गाळून ती चक्क विश्रांती घेते. पाऊस येताच नवी पालवी फुटते, शरदात फुलोरा येतो आणि थंडीत फळ धरते. खोल गेलेली मुळे जमिनीतला ओलावा तिला पुरवीत राहतात. उन्हाशी झुंजण्यापेक्षा ऋतू ओळखून वागण्यातच तिचे शहाणपण आहे.

जयपूरच्या बाजारात येणाऱ्या बोरांपैकी चौमूची बोरे नावाजलेली आहेत. गोला, सेब, उमरान अशी सुधारित वाणांची नावे. मात्र यांचे बी पेरून तसेच फळ मिळेल, याची शाश्वती नसते. म्हणून बागाईतदार रानबोरीचे रोप खुंट म्हणून घेतो आणि त्यावर चांगल्या वाणाचा डोळा भरतो. गोडी वरच्या फांदीची, पण दुष्काळ सोसण्याचे बळ मात्र खालच्या रानटी मुळाचे!

झडबेरीचे ऋण तर याहूनही मोठे. तिची झुडपे कापून, वाळवून, काठीने झोडपली की जो पाला झडतो, तो शेळ्यामेंढ्यांचा आणि उंटांचा चारा. उरलेल्या काट्यांचे शेताला कुंपण होते. दुष्काळी वर्षी याच पाल्यावर कितीएक घरांची जनावरे जगली आहेत. पूर्वी नांगर या झुडपांना वळसा घालून जाई. ट्रॅक्टर आल्यापासून मात्र ती मुळासकट उपटली जाऊ लागली. पीक दोन तासांनी वाढले खरे, पण वाईट वर्षासाठी राखलेली शिदोरी नाहीशी होऊ लागली.

आपल्याही गावच्या बांधावर एखादी बोरीची जाळी असेल. काटे बोचतात म्हणून तिच्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी एवढे अवश्य ध्यानात घ्यावे की, बाजारातल्या गोड बोराचे माहेर अशाच एखाद्या काटेरी जाळीत असते. माहेर मोडले, तर लेकीने आधारासाठी जावे कोठे?