वाशीचा आरसा, दिवाळ्याचा बाजार

मैत्रिणींनो, नवी मुंबई पाहायला गेलात तर लोक तुम्हाला पाम बीच रस्ता दाखवतील, वाशी स्टेशनजवळचे मॉल दाखवतील, हिवाळा असेल तर खाडीतले रोहित पक्षीही दाखवतील. सगळं जरूर पाहा. पण या शहरात बाईचं रूप कसकसं मोजलं जातं, तेही पाहण्यासारखं आहे बरं का!

सुरुवात वाशीपासून करू. १९७० साली सिडको स्थापन झाली, मुख्यतः आगरी-कोळ्यांच्या गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं, आणि १९९२ साली खाडीवरून लोकल आल्यावर तर देशभरची माणसं इथे येऊन राहिली. एकेका जिन्यावर चार प्रांत. एकीच्या घरी खोबरेल चोपडलेली लांबसडक वेणी म्हणजे सौंदर्य, तर शेजारणीला तेच केस चिपचिपीत वाटतात. एकीची सासू भरलेलं अंग पाहून खूश होते, दुसरीच्या सुनेला तेच अंग उतरवायला जिम लागते. मात्र एका बाबतीत सगळा जिना एकमताचा : मुलगी गोरी हवी.

माझी भाची नेरुळला राहते. इंजिनियर आहे, पगार चांगला आहे. दोन वर्षांपूर्वी तिला पाहायला मंडळी आली. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि आठ दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, ‘मुलगी छान आहे, पण रंग थोडा कमी पडतो.’ कमी पडतो! जणू पोह्यातलं मीठच. पोर काही बोलली नाही. महिनाभर फोटो मात्र काढू देईना.

आणि आपल्या मराठीनं तरी या बाबतीत काय कमी बारकावे काढलेत? गोरी, उजळ, केतकी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. काळी म्हणवत नाही म्हणून ‘रंगानं डावी’. ‘नाकीडोळी नीटस’ हे तर बहुतेक वेळा सांत्वनाला जोडलेलं असतं. विठोबाला मात्र सावळा म्हणताना आपल्याला गहिवरून येतं!

त्या भाचीला घेऊनच मी दिवाळ्याला गेले. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा करायची. खाडीकाठचं हे जुनं कोळ्यांचं गाव. टोलेजंग इमारतींच्या पायथ्याशी मासळीबाजार भरतो. मच्छीमार मासळी आणतो, पण विकते बाई. भाव तिचा, गल्ला तिचा. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं रापलेले चेहरे, केसांत गजरा, अंगावर सोनं आणि खणखणीत आवाज. त्यांच्यातल्या एका आजीनं पापलेटांची पिशवी उचलणाऱ्या भाचीकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, “पोरीचे हातान ताकद हाय गो बाय!” भाची हसली. ‘पाहायला’ आलेल्यांच्या तोंडून तिनं असलं काही कधी ऐकलं नव्हतं. माझं आपलं मत असं, की जिचा गल्ला तिच्या कमरेला आहे, तिला रंगाची सबब सांगणारा जरा जपूनच बोलतो.

पण तुम्ही म्हणाल, म्हणजे कोळीवाड्यात सगळं आलबेल का? नाही हो. त्याच आजीनं मोबाइलवर नातीच्या लग्नाचे फोटो दाखवले. ब्युटी पार्लरवालीनं नवरीला दोन छटा उजळ करून ठेवलेली. आजी म्हणते, “माजी नात मनाच वलखू नाय आली!”

फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ साली. तिचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली व्हायला २०२० उजाडलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं वर्णानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. चांगलं झालं. पण मध्यस्थांच्या जिभेवरची सोय कोण काढणार? याच काळात स्मिता पाटील होऊन गेली. दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ती सावळी मुलगी, १९७७च्या ‘जैत रे जैत’मधली चिंधी. तिच्या डोळ्यांचं कौतुक आपल्यापैकी किती घरांत झालं असेल! तरी सून पाहताना तिची आठवण कुणाला झाली नाही.

जाता जाता एक कामाचं. गोरं करणारी, नाव-पत्ता नसलेली क्रीम कुणी स्वस्तात दिली तर घरात आणू नका. काहींत पारा असतो. त्यानं मूत्रपिंडं बिघडल्याच्या घटना केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. स्टेरॉइडवाली मलमं तर कातडीच पातळ करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

दिवाळ्याला जाल तर सकाळी लवकर जा, पिशवी घरची न्या, आणि भाव करताना आवाज चढवू नका. तिथे तुमचं काही चालायचं नाही. भाचीनं तर पुढच्या स्थळाला परस्पर कळवून टाकलंय : पोहे नाहीत, सीवूड्सच्या मॉलमध्ये कॉफी, बिल निम्मं निम्मं. माझ्या बहिणीचा जीव तेव्हापासून खालीवर होतोय. मुलाकडून अजून ‘नाही’ आलेलं नाही.