सेंट लुईसचे गालिचे

अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या फॉरेस्ट पार्कमध्ये टेकडीवर कलासंग्रहालय आहे. इमारत १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. आत जायला तिकीट नाही. नागरिकांच्या मालमत्ता कराचा मोठा आधार असल्याने मजुरानेही लेकरांना घेऊन खुशाल जावे.

येथील जुने हातविणीचे गालिचे, मुख्यतः तुर्कस्तानचे, जेम्स बॅलार्ड या औषध कारखानदाराने दिलेले. १९०५ साली पहिला गालिचा घेतला आणि नादच लागला. १९२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला शंभरावर दिले, १९२९ साली आपल्या शहराला सुमारे सत्तर. दिवाणखान्यात अंथरून ठेवले नाहीत, हे त्यांचे मोठेपण मानलेच पाहिजे.

पण विणले कोणी? अनातोलियाच्या खेड्यांत हे काम बहुतेक बायकांचे. उभ्या मागावर ताण्याच्या दोन-दोन धाग्यांना लोकरीची एकेक गाठ मारायची, टोक कापायचे, ओळ भरली की आडवा धागा घालून फणीने ठोकायचे. तळहाताएवढ्या जागेत शेकडो गाठी! लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा. फलकावर देणाऱ्याचे नाव असते, गावाचेही असते: उशाक, लादिक, बर्गमा. विणणारीचे बहुधा नसतेच.

उजेडाने रंग उडतात, म्हणून एका वेळी थोडेच गालिचे मांडतात. आपल्यापैकी कोणाची मुले नोकरीनिमित्त तिकडे असतील, तर त्यांनी आधी चौकशी करून जावे. नीट पाहिले तर मध्येच एखाद्या पट्ट्यात लाल फिकट झालेला दिसतो. तेथे बाईची रंगवलेली लोकर संपली होती आणि तिने नवी रंगवून घेतली होती.