ठिणगीची वेळ

काही बिघडले की माणसाची दृष्टी प्रथम दूर जाते. अक्षर वाईट आले की आपण लेखणीला दोष देतो. गणित चुकले की पुस्तकातील उत्तरच चुकीचे छापले असावे, असे वाटते. आपल्या हाताकडे पाहण्याचे सुचते ते सर्वांत शेवटी. कोल्हापुरातील गणिताच्या एका शिक्षकांना आणि त्यांच्या बारा वर्षांच्या भाच्याला ही गोष्ट एका जुन्या मोटारीने शिकवली.

मोटार होती 1980 सालची पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि मामांनी लेकरासारखी जपलेली. सोमवारी पहाटे आजीला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला न्यायचे होते. वाटेत खोळंबा नको, म्हणून रविवारी सकाळी मामा स्वतःच बाह्या सारून कामाला लागले. त्यांनी चारही जुने प्लग काढून नवे बसवले. प्रत्येक प्लगच्या टोकाशी असलेली फट पातळ पोलादी पट्टीने मोजून 0.6 मिलिमीटर ठेवली. चारही प्लगांना वीज वाटून देणारा जो डेल्को, त्याच्या आतील पॉइंट साफ केले. भाचा हाताखाली होताच. मामा चहासाठी आत गेले, तेव्हाही तो फडके घेऊन काहीतरी पुसत बसला होता.

मामांनी येऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. परंतु नेहमीची एकसुरी गुणगुण कोठे हरपली होती. हिव भरल्यासारखी गाडी थरथरू लागली. मधूनच कार्बुरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येई.

“गाडी मिसिंग मारते आहे,” मामा संतापून म्हणाले. “दुकानदाराने नकली प्लग माझ्या गळ्यात बांधले! आत्ता जाऊन त्याला जाब विचारतो.”

भाच्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आले. पण शब्द फुटला नाही.

उद्यमनगरात चाळीस वर्षे इंजिने दुरुस्त केलेले शेजारचे वृद्ध मिस्त्री आवाज ऐकून आले होते. त्यांनी विचारले, “मास्तर, काल गाडी कशी होती?”

“ठणठणीत.”

“मग आज ज्याला हात लागला, तेवढेच आधी पाहू. बाकी सारे कालचेच आहे.”

प्लगच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो. म्हणून मुलाला दूर उभे करून मिस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीने चालू इंजिनावरील एकेक तार क्षणभर उचलली. पहिली उचलताच इंजिन आणखी ढेपाळले. म्हणजे पहिले सिलिंडर काम करीत होते. दुसरी उचलली; काहीच फरक नाही. तिसरीचेही तेच. चौथीला मात्र इंजिन पुन्हा ढेपाळले. मग इंजिन बंद करून त्यांनी पहिल्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात बसवला. तरीही पहिले चालतच राहिले, दुसरे मुकेच राहिले.

“प्लग चांगले आहेत, मास्तर. दुकानदारही खरा आहे. तारांना कुणी हात लावला होता?”

क्षणभर शांतता पसरली. मग भाचा खाली मान घालून म्हणाला, “मी. मधल्या दोन तारा पुसायला डेल्कोतून काढल्या होत्या. परत लावताना कोणती कुठली ते आठवेना. मला वाटलं, कुठेही लावली तरी चालेल. मघाशीच सांगणार होतो, मामा. पण भीती वाटली.”

मिस्त्री हसले. गाडीच्या झाकणावरील धुळीत त्यांनी बोटाने चार रेघा ओढल्या. “ही चार सिलिंडरे म्हणजे चार गडी. प्रत्येक गडी चार कामे करतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत घेतो, ते दाबतो, ते पेटले की जोर लावतो आणि शेवटी धूर बाहेर टाकतो. मिश्रण दाबले गेले, की त्याच वेळी ठिणगी पडायला हवी. गड्यांचा क्रम असतो 1-3-4-2. तू तारा बदलल्यास, म्हणून दुसऱ्याची ठिणगी तिसऱ्याला गेली आणि तिसऱ्याची दुसऱ्याला. धूर बाहेर जातो आणि नवे मिश्रण आत येऊ लागते, तेव्हा ती पडते. मग जोर कुठून येणार? उघड्या झडपेतून ज्वाळा मागे उसळते. तोच तो ‘फट्’ आवाज.”

मिस्त्रींच्या देखरेखीखाली भाच्याने स्वतःच्या हाताने दोन्ही तारा आपापल्या जागी लावल्या. किल्ली फिरताच जुनी गुणगुण परत आली.

मामा रागावले नाहीत. ते म्हणाले, “तू बोलला नसतास, तर मी एका निरपराध माणसाशी भांडून आलो असतो. आणि तारांवर आकडे घालायला हवे होते, ते मीही विसरलो.” मग दोघांनी मिळून कागदाच्या पट्ट्यांवर 1 ते 4 आकडे लिहिले आणि त्या तारांना चिकटवल्या.

सोमवारी पहाटे आजीला घेऊन गाडी मिरजेच्या वाटेला लागली. मागच्या आसनावर आजीचा हात धरून बसलेला भाचा इंजिनाचा आवाज ऐकत होता. ठिणगी कालही होतीच. तिची वेळ तेवढी चुकली होती. खऱ्या शब्दाचेही तसेच आहे. मनात असून तो वेळेवर ओठांवर आला नाही, तर गाडी थरथरतच राहते.